कामाविषयीची वृत्ती आणि कामावरील वर्तन : मालवणी चाकरमान्याच्या निमित्ताने एक चिकित्सा

१

उद्योगमानसशास्त्रातील काही गृहीतके सर्वसामान्य समजुतीतून शास्त्रात आली आणि शास्त्राचा शिक्का घेऊन पुन्हा कारखान्याच्या कचेरीत गेली. त्यांत ‘जशी वृत्ती तसे वर्तन’ हे गृहीतक अग्रगण्य मानावे लागेल. ज्याला आपले काम आवडते तो वेळेवर येतो, नीट काम करतो आणि टिकून राहतो. ज्याला ते आवडत नाही तो खाडे करतो, कामात चुकारपणा करतो आणि संधी मिळताच निघून जातो, अशी ही मांडणी आहे. ती इतकी सरळ वाटते की तिला पुरावा मागणेही काहींना अनावश्यक वाटते. तथापि ज्या विषयात पुराव्याची गरज वाटेनाशी होते, त्याच विषयात चिकित्सेची गरज अधिक असते.

या चिकित्सेसाठी परदेशी कारखान्यांकडे जाण्यापूर्वी आपल्या किनाऱ्यावरील एका परिचित मनुष्याकडे पाहावे. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीपासून वेगळा झाला. त्याआधी कित्येक पिढ्या मालवण, देवगड, वेंगुर्ले, कुडाळ, कणकवली या भागांतील पुरुष मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत आणि कचेऱ्यांत नोकरीस जात आले आहेत. गाव त्यांना ‘चाकरमानी’ म्हणते. चाकरमान्यासंबंधी मुंबईत एक तक्रार पूर्वापार चालत आली आहे : मनुष्य कष्टाळू खरा, पण त्याचे मन कामात नाही, गावात आहे, शिमगा आला, गणपती आले, भातलावणी आली की तो कोणाचेही ऐकणार नाही. या तक्रारीत वर्तनाचे वर्णन आहे आणि त्याबरोबर वृत्तीचे निदानही आहे. वर्णन पुष्कळ अंशी बरोबर आहे. निदान बरोबर आहे काय, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे. कामाविषयीची वृत्ती आणि कामावरील वर्तन यांत संबंध आहे. पण वर्तनाला मोकळीक असेल आणि ज्या वस्तूविषयीची वृत्ती मोजली त्याच वस्तूशी ते वर्तन निगडित असेल, तेव्हाच तो स्पष्ट दिसतो. या दोन अटी न तपासता खाड्यावरून वृत्ती ठरविणे आणि मग त्याच वृत्तीने खाड्याचे स्पष्टीकरण करणे हा चक्रक दोष आहे. चाकरमान्याच्या बाबतीत हा दोष दीर्घकाळ घडत आला, आणि आपल्या प्रबंधांतूनही तो घडण्याचा संभव आहे.

२

प्रथम सिद्धांताचा इतिहास संक्षेपाने पाहू. १९३५ मध्ये रॉबर्ट हॉपॉक यांनी पेनसिल्व्हेनिया राज्यातील न्यू होप या लहान गावातील नोकरदारांच्या कार्यसमाधानाचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि ‘कार्यसमाधान’ ही संज्ञा शास्त्रात रूढ झाली. त्याच सुमारास शिकागोजवळच्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ पासून चाललेले प्रयोग संपत आले होते. १९३९ मध्ये रोथलिसबर्गर आणि डिक्सन यांनी त्यांचा वृत्तांत ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. त्यातून व्यवस्थापकांनी जो बोध उचलला तो असा की, कामगाराच्या भावना जपाव्या म्हणजे उत्पादन वाढते. परंतु त्याच वृत्तांतात तारजोडणीच्या खोलीतील चौदा कामगारांचे निरीक्षण आहे. त्यांचे आपसांतील संबंध सलोख्याचे होते, आणि एका दिवसात किती काम करायचे याची मर्यादा त्या सलोख्यातूनच ठरत होती. जो अधिक काम करी त्याला सोबत्यांचा रोष पत्करावा लागे. म्हणजे समाधान आणि उत्पादन ही दोन्ही एकाच दिशेने जातात, या समजुतीला त्या विद्येच्या उगमाशीच अपवाद होता.

१९५५ मध्ये ब्रेफील्ड आणि क्रॉकेट यांनी तोवरच्या संशोधनाची छाननी केली आणि वृत्ती व कामगिरी यांत दखल घेण्याजोगा संबंध क्वचितच आढळतो, असा निष्कर्ष काढला. दोन वर्षांनी हर्झबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच साहित्याचा अधिक आशावादी आढावा घेतला; विशेषतः गैरहजेरी आणि नोकरी सोडणे यांच्याशी वृत्तीचा संबंध त्यांना अधिक स्पष्ट वाटला. १९६४ मध्ये व्रूम यांनी वीस अभ्यास एकत्र पाहिले, तेव्हा समाधान आणि कामगिरी यांच्या सहसंबंध गुणकाचा मध्यांक ०.१४ एवढाच आला. १९६७ मध्ये लॉलर आणि पोर्टर यांनी प्रश्नच उलटा केला : समाधानामुळे कामगिरी होते असे न म्हणता, चांगल्या कामगिरीला मोबदला मिळतो आणि त्या मोबदल्यातून समाधान उत्पन्न होते, असे का म्हणू नये? २००१ मध्ये जज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीनशेहून अधिक नमुन्यांचे एकत्रित विश्लेषण केले. मापनातील त्रुटींची दुरुस्ती केल्यावर त्यांना सरासरी सहसंबंध ०.३० च्या आसपास आढळला.

या शेवटच्या आकड्याने अनेकांना हायसे वाटले. पण त्याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. ०.३० या सहसंबंधाचा वर्ग ०.०९ होतो, म्हणजे माणसामाणसांच्या कामगिरीत जो फरक दिसतो त्याच्या नऊ टक्क्यांचा मेळ समाधानातील फरकाशी बसतो. उरलेल्या एक्क्याण्णव टक्क्यांचा हिशेब दुसरीकडे शोधावा लागतो. संबंध नाही असे म्हणणे चुकीचे होईल. पण कामगाराकडे पाहून त्याची वृत्ती ओळखता येते असे म्हणणे त्याहून अधिक चुकीचे होईल.

३

वृत्ती वर्तनात का उतरत नाही? याची दोन कारणे शास्त्राने चांगली उलगडली आहेत.

पहिले कारण वस्तूच्या मेळासंबंधी आहे. १९३४ मध्ये रिचर्ड लापियर यांनी एका चिनी जोडप्यासमवेत अमेरिकेत केलेल्या प्रवासाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. अडीचशेहून अधिक उपाहारगृहे आणि वसतिगृहे यांपैकी केवळ एका ठिकाणी त्यांना प्रवेश नाकारण्यात आला. मागाहून पत्र पाठवून ‘आपण चिनी ग्राहक स्वीकाराल काय?’ असे विचारल्यावर मात्र उत्तर देणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिकांनी नकार दिला. कागदावरची वृत्ती एका ‘जाती’विषयी होती, दारातले वर्तन समोर उभ्या असलेल्या, नीटनेटक्या वेषातील दोन माणसांविषयी होते. एझन आणि फिशबाइन यांनी १९७७ मध्ये हेच तत्त्व नियमबद्ध केले. कृती, तिचा विषय, प्रसंग आणि काळ या चारही अंगांनी वृत्ती आणि वर्तन जुळत असतील, तरच त्यांच्यात बळकट संबंधाची अपेक्षा करावी.

दुसरे कारण मोकळिकीचे आहे. १९७७ मध्येच फ्रँक स्मिथ यांनी सीअर्स कंपनीच्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शिकागोत एके दिवशी मोठे हिमवादळ झाले आणि कामावर पोहोचणे कष्टाचे झाले. त्या दिवशी न आल्याबद्दल कोणी जाब विचारणार नव्हते. त्या दिवसाची शिकागोतील हजेरी आणि आधी नोंदलेली वृत्ती यांत ठळक संबंध आढळला. न्यूयॉर्कमध्ये त्याच दिवशी हवा चांगली होती. तेथील कचेरीत असा संबंध आढळला नाही. याचा अर्थ न्यूयॉर्कच्या कर्मचाऱ्यांना वृत्ती नव्हती असा नव्हे. रोजच्या दिवशी मनुष्य कामावर येतो तो मस्टरमुळे, पगारामुळे, सवयीमुळे आणि लोकलाजेमुळे. आवडीला तेथे फारसे करण्यासारखे उरत नाही. ही बंधने जेव्हा सैल होतात तेव्हाच वृत्तीला वाट मिळते.

कोकणातल्या वाचकाला हे उदाहरण परके वाटू नये. जुलैच्या पावसात साकव पाण्याखाली गेल्यावरही शाळेत पोहोचलेला शिक्षक आणि न पोहोचलेला शिक्षक यांच्यातला फरक हा वृत्तीचा असू शकेल. पण जानेवारीतल्या त्यांच्या सारख्याच हजेरीवरून कोणाचीच वृत्ती कळणार नाही.

४

आता चाकरमान्याकडे वळू. १९११ च्या जनगणनेनुसार मुंबईच्या कापडगिरण्यांतील कामगारांपैकी जवळजवळ निम्मे रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले होते. १९३१ पर्यंत हे प्रमाण सुमारे चतुर्थांशावर आले. या कामगारांची वारंवारची गैरहजेरी हा गिरणीमालकांच्या तक्रारीचा कायमचा विषय होता. पुढे १९६० मध्ये कर, डनलॉप, हार्बिसन आणि मायर्स यांनी औद्योगिक समाजाविषयीच्या आपल्या ग्रंथात श्रमिकाच्या बांधिलकीच्या पायऱ्या कल्पिल्या. गावाशी संबंध राखणारा कामगार त्यांत खालच्या पायरीवर पडतो. तो अद्याप ‘पुरता’ कामगार झालेला नाही. मालकांच्या तक्रारीला अशा रीतीने सिद्धांताचे पाठबळ मिळाले.

वर सांगितलेल्या दोन अटी या प्रकरणास लावून पाहाव्या. प्रथम मोकळीक. १९४५ च्या दुरुस्तीपूर्वी आपल्या फॅक्टरी कायद्यात पगारी वार्षिक रजेची तरतूद नव्हती. ज्याला गावी जाणे आहे त्याला सक्तीची रजा म्हणजे बिनपगारी खाडा पत्करावा लागे, किंवा नोकरी सोडून परत आल्यावर जॉबरची मर्जी संपादून पुन्हा नाव घालावे लागे. त्या मर्जीचीही किंमत दस्तुरीच्या रूपाने द्यावी लागे. शिवाय वाट लांब होती. देवगड, मालवण, वेंगुर्ले ही बंदरे आगबोटीने मुंबईशी जोडलेली होती आणि पावसाळ्यात तो मार्ग बंद असे. चार दिवसांसाठी गावी जाऊन येणे अशक्य असल्यामुळे जो जाई तो काही आठवड्यांसाठीच जाई. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे पूर्णपणे वाहतुकीस खुली झाली. आज मुंबईत रात्री गाडीत बसलेला मनुष्य सकाळी कुडाळला उतरतो आणि चार दिवसांत परत कामावर हजर होऊ शकतो. गणपतीविषयीची ओढ पूर्वीइतकीच असताना खाड्याची लांबी केवळ वाटेमुळे आणि कायद्यामुळे बदलू शकते. ज्या गोष्टीने खाडा बदलतो आणि वृत्ती मात्र जिथल्या तिथे राहते, तिचे श्रेय अथवा दोष वृत्तीला कसा देता येईल?

त्यातही मस्टरमधला ‘खाडा’ हा एकजिनसी पदार्थ नव्हे. गिरण्यांत कायम कामगारांबरोबर बदली कामगारांचा मोठा समुदाय असे. तो रोज दाराशी येई आणि कोणी आले नसेल तर त्याला काम मिळे. १९३५ मध्ये मुंबईच्या गिरणीमालक संघाने बदली कामगारांच्या नियंत्रणाची पद्धत सुरू केली. अशा व्यवस्थेत कायम कामगाराचा खाडा हा बदलीवाल्याच्या पोटाचा आधार होता. आणि मालकालाही गरजेप्रमाणे कमी-अधिक करता येणारे मनुष्यबळ हाताशी राहत होते. मॉरिस डेव्हिड मॉरिस यांनी १९६५ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांवरील आपल्या ग्रंथात दाखवून दिले की, कामगारांतील ज्या बेशिस्तीचे मूळ त्यांच्या ग्रामीण मनात शोधले जात होते, तिचे मूळ पुष्कळ अंशी मालकांनीच स्वीकारलेल्या श्रमव्यवस्थेत होते. तेथे शिस्त निर्माण होऊ शकली नाही असे नव्हे. बराच काळ ती निर्माण करण्याची निकड मालकांना भासली नाही.

दुसरी अट वस्तूच्या मेळाची. चाकरमान्याची ‘वृत्ती’ म्हणून जी मोजली गेली ती नेमकी कशाविषयीची? गणपतीला गावी जाणे हे गिरणीविषयीचे मत नाही. ते घराविषयीचे कर्तव्य आहे. एझन आणि फिशबाइन यांच्या नियमाप्रमाणे त्यावरून गिरणीविषयीच्या वृत्तीचे अनुमान काढणे वैध ठरत नाही. ‘चाकरमानी’ हा शब्दच पाहावा. चाकरी हा त्याचा मूळ भाग असला तरी तो मालकाने कामगाराला दिलेला नाही. गावाने मुंबईत राहणाऱ्या आपल्या माणसाला तो दिला आहे. कोणत्या गिरणीत, कोणत्या खात्यात, किती पगारावर हे त्या शब्दात काही नाही. जो गेला आहे आणि जो येणार आहे एवढेच त्यात आहे. या नात्याचे मोजमाप गिरणीच्या मस्टरात करणे म्हणजे समुद्राची खोली पायलीने मोजण्यासारखे आहे.

पुढचा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. गावाची ओढ आणि गिरणीतील टिकाव यांत विरोध असलाच पाहिजे असे नाही. आजारपणाचा विमा आणि भविष्यनिर्वाह निधी यांचे कायदे अनुक्रमे १९४८ आणि १९५२ मध्ये झाले. तोवर म्हातारपण, आजार आणि बेकारी या तिन्ही संकटांत चाकरमान्याचा विमा म्हणजे गावातले घर, भाताची चार कुणगी आणि तेथे राहिलेले कुटुंब हाच होता. मुंबईत तो गाववाल्यांच्या सामायिक खोलीत राही आणि खानावळीत जेवे; कारण त्या पगारात बिऱ्हाड करणे अवघड होते. गावाचा आधार होता म्हणूनच ती नोकरी त्याला परवडत होती. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील श्रमविषयक रॉयल कमिशनने १९३१ च्या अहवालात हे ओळखले होते. गावाशी असलेला दुवा तोडण्याचा प्रयत्न न करता तो सुनियंत्रित करावा, अशीच त्याची शिफारस होती. राजनारायण चंदावरकर यांनी १९९४ च्या ग्रंथात याची आणखी एक बाजू दाखविली. १९२८ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चाललेल्या सार्वत्रिक संपासारखे दीर्घ लढे कामगारांना लढता आले, त्याचे एक कारण गावाचा आधार हे होते. ज्या नात्यामुळे कामगार ‘अर्धवट’ ठरत होता, त्याच नात्याच्या बळावर तो शहरातील आपल्या हक्कांसाठी सहा महिने तग धरून राहिला. कामाविषयी ज्याला आस्था नाही तो कामाच्या अटींसाठी एवढे सोसत नाही.

५

या चित्राशेजारी मालवण किनाऱ्यावरील दुसरे एक काम ठेवून पाहिले असता विषय अधिक उजळतो. रापणीची मासेमारी हे ते काम होय. होडीतून जाळे समुद्रात अर्धवर्तुळाकार टाकले जाते आणि त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावरून माणसांच्या दोन रांगा ओढत आणतात. बहुधा अनेक कुटुंबांची जाळी आणि श्रम त्यात एकत्र येतात. मिळालेल्या मासळीचे वाटे पडतात, त्यांत जाळ्याचा वाटा वेगळा आणि अंगमेहनतीचा वाटा वेगळा. येथे पगार नाही आणि मस्टर नाही. तरीही दोरावर कोण आहे आणि कोण नाही हे सर्वांना दिसते. एकाने हात सैल सोडला तर शेजाऱ्याच्या खांद्याला ते कळते.

वृत्तीच्या सिद्धांताने येथे काय सांगावे? ज्याला हे काम मनापासून आवडते आणि जो केवळ दुसरे काही नाही म्हणून करतो, ते दोघेही एकाच दोरावर सारख्याच ताकदीने मागे रेलतील. कारण हजेरीला आणि ओढीला सांभाळणारी व्यवस्था वृत्तीहून बलवत्तर आहे. मिळकतीतही दोघांच्या वृत्तीचा फरक उमटणार नाही. किनाऱ्यावर बांगडा, तारली आली की नाही, यांत्रिक नौकांनी ती अलीकडे येऊ दिली की नाही, यावर ती अवलंबून आहे. उत्पादन हे वृत्तीचे माप मानले, तर मासळीच्या दुष्काळातला प्रत्येक रापणकर असमाधानी आणि कामचुकार ठरेल. गिरणीतही हेच होते. हलक्या कापसाचे सूत मागावर वारंवार तुटे, आणि नगावर मजुरी घेणाऱ्या विणकराचे उत्पादन घटे. त्याचा हात आणि त्याचे मन मात्र तेच असे.

मग रापणकराची वृत्ती कोठे दिसेल? डॅनियल कॅट्झ यांनी १९६४ मध्ये संस्थेला लागणाऱ्या वर्तनाचे तीन प्रकार केले : संस्थेत येणे आणि राहणे, नेमून दिलेले काम भरवशाने करणे, आणि नेमून न दिलेले, पण संस्था जगण्यास आवश्यक असलेले काम आपण होऊन करणे. पहिल्या दोहोंवर बंधने फार असतात, तिसऱ्यावर कमी. बेटमन आणि ऑर्गन यांनी १९८३ मध्ये या तिसऱ्या प्रकारच्या वर्तनाशी समाधानाचा संबंध तपासला आणि तो चांगला आढळला. रापणकराची वृत्ती पाहायची तर ती दोरावर शोधून उपयोग नाही. फाटलेले जाळे कोण न सांगता सांधायला बसतो, नवख्या पोराला समुद्राचे पाणी ओळखायला कोण शिकवितो, आजारी गड्याच्या वाट्याचा प्रश्न निघाला की कोण काय बोलतो, आणि सर्वांत शेवटी, आपल्या मुलाने याच धंद्यात यावे असे कोणाला वाटते, येथे ती दिसेल. गिरणी कामगाराच्या बाबतीतही या प्रश्नांचे प्रतिरूप शोधता आले असते. तसे न करता खाडे मोजले गेले, कारण खाडे मोजणे सोपे होते.

६

यावर एक आक्षेप येईल. वृत्तीला इतक्या मर्यादा असतील तर तिचा अभ्यासच का करावा? व्यवस्था सुधारावी म्हणजे झाले. या आक्षेपाला आधार नाही असे नाही. १९५३ मध्ये ए. के. राइस यांनी अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये स्वयंचलित मागांच्या खात्यात केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. तेथे कामगारांच्या वृत्तीचा उपदेशाने पालट करण्याचा प्रयत्न झाला नाही. विस्कळीतपणे वाटलेली कामे एकत्र करून ठराविक मागांची जबाबदारी एकेका गटाकडे दिली गेली, आणि कापडाची प्रत व उत्पादन ही दोन्ही सुधारली.

तथापि आक्षेपाचा पूर्वार्ध ग्राह्य मानला तरी निष्कर्ष मान्य करता येत नाही. हॅरिसन, न्यूमन आणि रॉथ यांनी २००६ मध्ये दाखविले की, एकेक वर्तन सुटे न घेता कामगिरी, जास्तीचे साहाय्य, हजेरी, वेळेवर येणे आणि टिकून राहणे यांचा एकत्रित विचार केला, आणि वृत्तीही तशीच व्यापक घेतली, तर संबंध ०.५० च्या वर जातो. व्यापक वृत्तीला व्यापक वर्तन आणि विशिष्ट वृत्तीला विशिष्ट वर्तन, हा मेळ साधला की वृत्ती पुन्हा अर्थपूर्ण होते. चाकरमान्याला हे लावले तर एका शिमग्याचा खाडा बाजूला पडतो आणि एकाच गिरणीत काढलेली पंचवीस-तीस वर्षे, आपल्या जागी चिकटविलेला धाकटा भाऊ किंवा पुतण्या आणि संपात धरलेला तग या साऱ्यांचा हिशेब मांडावा लागतो. तो मांडला की ‘मन कामात नाही’ हे निदान टिकत नाही.

वृत्तीच्या अभ्यासाला दुसरे एक महत्त्व आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो कधी औपचारिकपणे मागे घेतला गेला नाही, आणि हजारोंना नोकरी पुन्हा मिळाली नाही. त्यांतील कितीतरी या किनाऱ्यावरील गावांत परतले. मस्टरच्या दृष्टीने संपात बसलेला, कामावर घेतला न गेलेला आणि कायमचा गावी गेलेला, हे तिघेही ‘गैरहजर’ एवढेच होते. त्या एका शब्दाखाली निष्ठा, निराशा आणि निरुपाय अशा तीन अवस्था झाकल्या गेल्या. वर्तनाच्या नोंदी जेथे मुक्या होतात तेथे माणसाला विचारावेच लागते. पण ते काळजीपूर्वक विचारावे लागते.

७

आपल्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने ही काळजी कोणती, हे सांगून लेख आवरता घेतो. कार्यसमाधानाच्या परदेशी प्रश्नावल्यांचे मराठी भाषांतर करून ती कामगारांत वाटण्याची प्रथा आपल्याकडे रुळली आहे. त्यातील ‘समाधान’ या शब्दाकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. वेदान्तात समाधान हे शम, दम, उपरती, तितिक्षा आणि श्रद्धा यांच्याबरोबर साधकाच्या षट्संपत्तीत मोजले आहे. संतवाङ्मयाच्या संस्कारामुळे ते मराठी माणसाच्या मनात सद्गुण म्हणून रुजले आहे. ‘आपण आपल्या नोकरीत समाधानी आहात काय?’ असे विचारले असता मराठी कामगार बहुधा नोकरीविषयी उत्तर देत नाही, स्वतःच्या शीलाविषयी देतो. असमाधानी म्हणवून घेणे त्याला कमीपणाचे वाटते. मालवणी मुलखात ‘बरा आसा’ या उत्तरात नोकरी बरी आहे, मी कुरकुर करणारा नाही आणि हा प्रश्न येथेच संपवू या, असे तिन्ही अर्थ एकाच वेळी असू शकतात. प्रश्नावलीतील पाच चौकटींपैकी एकीत खूण करताना हे अर्थ गळून पडतात आणि उरतो तो गुणक आपण दोन दशांशस्थळांपर्यंत छापतो.

म्हणून तीन सूचना कराव्याशा वाटतात. वृत्ती कशाविषयीची मोजत आहोत, कामाविषयीची, मालकाविषयीची, मुकादमाविषयीची की मजुरीविषयीची, हे आधी ठरवावे आणि त्याच वस्तूशी जुळणारे वर्तन निवडावे. ते वर्तन करण्याची अथवा न करण्याची मोकळीक त्या मनुष्याला खरोखर कितपत होती, याची नोंद प्रत्येक अभ्यासात असावी. रजेचा नियम, मजुरीची पद्धत, वाट आणि ऋतू या गोष्टी प्रास्ताविकात उरकून न टाकता त्यांना विश्लेषणात स्थान द्यावे. आणि जेथे बंधने सैल होतात असे प्रसंग हेरावे. सिंधुदुर्गातील काजूच्या कारखान्यात नगावर काम करणाऱ्या स्त्रियांची भातलावणीच्या दिवसांतील हजेरी, किंवा पुरामुळे वाट बंद झालेल्या दिवशीची सरकारी कचेरीतील हजेरी, यांसारखे विषय पदव्युत्तर प्रबंधाच्या आवाक्यातले आहेत. त्यांतून वर्षभराच्या सरासरी हजेरीहून अधिक ज्ञान मिळेल. लावणीला गेलेल्या स्त्रीविषयी मात्र निष्कर्ष काढण्यापूर्वी तिचे शेत किती, घरात दुसरे हात किती आणि त्या दिवसाची बुडालेली मजुरी किती, हे विचारावे.

अशा नोंदींवरूनच कामगाराला विश्वासू किंवा बेभरवशाचा ठरविले जाते, त्याची बढती होते किंवा त्याचे नाव कमी होते, आणि एखाद्या मुलखातील माणसांना पिढ्यान्‌पिढ्या एखादा शिक्का बसतो. तो शिक्का कोकणातील कामगाराने सोसला आहे. त्याच्या मनाविषयी जे सांगितले गेले त्यातले पुष्कळसे त्याच्या रजेविषयी, वाटेविषयी आणि मजुरीविषयी होते. हा फरक राखणे हे वृत्तीच्या अभ्यासकाचे पहिले काम आहे.